सहलीला जाताय? आधी पाळीपत्रक करा!



रब्बीची मळणी उरकली, कांदा चाळीत गेला, पोरांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, सहलीचा. पूर्वी हा हट्ट जेजुरी, पेशवे पार्कातली फुलराणी किंवा निगडीचे अप्पूघर एवढ्यावर भागत असे. आता चिखली, मोशी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या पोरांना खोपोलीजवळचे इमॅजिका पाहायचे असते. भावकीतली दहा-बारा माणसे जीप करून निघतात, बचत गटाच्या बाया एक बस ठरवतात, शाळेची सहल जाते. तिकिटाला चांगले पैसे मोजलेले असतात. आणि रात्री परत आल्यावर ऐकू काय येते? "दिवसभरात चारच राईड झाल्या बघा. बाकी सगळा वेळ रांगेत उभे!"

ही तक्रार गावबैठकीत, दूध डेअरीच्या कट्ट्यावर नेहमी ऐकू येते. म्हणून आज बियाणे-खते थोडी बाजूला ठेवून या विषयावर चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय परका वाटला तरी आपल्याला तो चांगला ठाऊक आहे. कालव्याला पाणी सुटले की सगळ्यांनाच एकदम हवे असते. म्हणून आपल्याकडे शेजपाळी आहे, पाळीपत्रक आहे. ज्याने दिवस, वेळ आणि क्रम ठरवला त्याचे रान भिजते. बाकीचे बांधावर भांडत बसतात. करमणुकीच्या बागेतली रांगही अशीच असते. तिथली गर्दी आपण कमी करू शकत नाही, पण आपली पाळी आपण नक्की लावू शकतो.

ही बाग आहे तरी काय?

इमॅजिका ही बाग रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ती एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. शेजारी पाण्याची बाग २०१४ मध्ये झाली. २०२२ पासून हा सगळा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. होय, गायछापवालेच! चिखलीहून द्रुतगती मार्गाने घाट उतरून गेले की रस्ता मोकळा असल्यास दीड-दोन तासांत पोचता येते. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या मधोमध असल्याने दोन्हीकडची माणसे एकाच दिवशी तिथे येतात. गर्दीचे खरे कारण हेच आहे.

अशा बागांची सुरुवात अमेरिकेत डिस्नेलँडने झाली असे मानतात. शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावाजवळची सुमारे १६० एकर संत्र्याची आणि अक्रोडाची बाग घेऊन ती उभी राहिली. आपल्याकडे चिखली-मोशी १९९७ साली महापालिकेत गेली आणि ज्वारीच्या रानात इमारती उभ्या राहिल्या, तसाच प्रकार. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे आली, कारण खोटी तिकिटे छापली गेली होती. उन्हाने नवे डांबर मऊ पडले, बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. एवढी मोठी कंपनी, पण पहिल्या दिवशी पाणी आणि रांग या दोनच गोष्टींनी तिची फजिती केली. पुढे १९९९ मध्ये त्याच कंपनीने वेळेची चिठ्ठी देण्याची पद्धत काढली. चिठ्ठी घ्यायची, दुसरीकडे फिरायचे आणि दिलेल्या वेळी यायचे. साखर कारखाना लागणीच्या तारखेनुसार तोडीचा कार्यक्रम लावतो, त्यातलाच हा प्रकार.

रांगेचे गणित

रांग किती वेळ खाईल हे उभे राहण्याआधी काढता येते. हे अवघड नाही. शेतातली रोपसंख्या आपण कशी काढतो? एका सरीतली रोपे मोजतो आणि सऱ्यांच्या संख्येने गुणतो. रांगेतही तसेच करावे. रांग कठड्यांमधून वळणे घेत जाते. एका ओळीतली माणसे मोजा, ओळींनी गुणा. मग राईडची एक फेरी पाहा. एका फेरीत किती माणसे बसतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटे जातात, एवढेच बघायचे.

समजा, एका फेरीत २० माणसे बसतात आणि दर ४ मिनिटांनी फेरी सुटते. पुढे २०० माणसे असतील तर १० फेऱ्या, म्हणजे ४० मिनिटे. हाच हिशेब उसाच्या वजनकाट्यावर गाड्या मोजून आपण करतोच की! रांगेच्या या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली घातला, पण काट्यावर रात्र काढलेल्या माणसाला ते कोणी शिकवायला नको.

आता सबंध दिवसाचा हिशेब करू. बाग ८ तास उघडी आहे असे धरा. जेवण, चहा, लघवी, चालणे यात दीड तास जातो. उरले साडेसहा तास, म्हणजे ३९० मिनिटे. प्रत्येक राईडला तास लागला तर सहाच राईड होतात. २५ मिनिटे लागली तर पंधरा. तिकिटाचे पैसे तेवढेच, पण एकाला सहा राईड मिळतात आणि दुसऱ्याला पंधरा. हा फरक नशिबाचा नसून दिवस आणि वेळ निवडण्याचा आहे.

दिवस कोणता निवडावा?

शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना या दिवसांत शक्यतो जाऊच नये. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटातच गाड्यांची रांग लागते आणि सकाळची सोन्यासारखी वेळ तिथेच जाते.

आपल्या भागाला एक सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. भोसरी, पिंपरी, चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. घरातला एक तरी पोरगा कंपनीत असतोच. मुंबईकराला रविवारशिवाय सवड नाही, तुम्हाला गुरुवार मोकळा आहे. शाळेच्या सुट्टीतही रविवारपेक्षा गुरुवार बरा. तिकिटाचे दर दिवसानुसार कमी-जास्त असू शकतात, तेव्हा आधी दर, उघडण्याची वेळ आणि त्या दिवशी कोणती राईड दुरुस्तीसाठी बंद आहे हे फोनवर विचारून घ्यावे. तिकीट आगाऊ काढावे, म्हणजे खिडकीची एक रांग तरी वाचते. ओळखीच्या कुणी "स्वस्तात मिळवून देतो" म्हटले तर त्याच्याकडून मात्र घेऊ नये.

पावसाळ्यात गर्दी कमी असते हे खरे, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे कोकणचा पाऊस. विजा कडाडू लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात आणि थांबवाव्यातच. त्या वेळी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नये.

घरी जनावरे असतील तर संध्याकाळच्या धारेची सोय शेजाऱ्याशी बोलून आधीच करावी. नाहीतर चार वाजले की घरधन्याचे चित्त गोठ्यात आणि पोरांचे पाळण्यात. मग कुणालाच समाधान नाही.

वेळ आणि क्रम

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी हजर राहावे. पहिल्या तासात जेवढे होते तेवढे दुपारच्या दोन-तीन तासांत होत नाही, असाच सगळीकडचा अनुभव आहे.

दारातून आत गेल्यावर बहुतेक माणसे समोर दिसेल त्या पहिल्या राईडला उभी राहतात. तुम्ही तसे करू नका. पाणीवापर संस्थेत 'टेल टू हेड' म्हणजे शेवटच्या टोकाला आधी पाणी देऊन मग वर येण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. इथेही थेट शेवटच्या टोकाला जावे आणि तिथून मागे येत राहावे. ज्या राईडला सगळ्यात लांब रांग लागते, जशी इमॅजिकात उंच पाळणागाडीची, म्हणजे नायट्रोची, ती पहिल्या तासात उरकावी. दुपारी ऊन तापले की छताखालचे, बसून पाहायचे खेळ घ्यावेत. जेवण साडेअकराला किंवा अडीच वाजता करावे. एक वाजता उपाहारगृहातच मोठी रांग असते. शेवटच्या तासात लांबून आलेल्या बस निघू लागतात, तेव्हा राहिलेल्या राईड पुन्हा पाहाव्यात.

जादा पैसे घेऊन वेगळ्या रांगेतून लवकर सोडण्याची सोयही अशा बागांमध्ये असते. कमी गर्दीच्या दिवशी तो पैसा वाया जातो. सुट्टीच्या दिवशी जाणे अगदीच भाग पडले तर आधी रांगेचे गणित करावे, मगच खिशात हात घालावा.

रांगेत उभे असताना

नुसते उभे राहिले की दहा मिनिटे तासासारखी वाटतात. किती थांबायचे हे कळले आणि हाताला-तोंडाला काही काम असले की तोच वेळ हलका जातो. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये हेच लिहून ठेवले. वारीत पंधरा-वीस दिवस चालणारा वारकरी कंटाळत का नाही? त्याच्या मुखी अभंग असतो आणि पुढचा मुक्काम त्याला माहीत असतो. पोरांना भेंड्या, कोडी, गोष्टी यांत गुंतवावे. "आता ओळी किती राहिल्या, मोज बरं" म्हणून त्यांच्याकडूनच हिशेब करून घ्यावा.

लहान पोराला रांगेत उभे करण्याआधी लघवीला नेऊन आणावे. पाण्याची बाटली जवळ हवी. उन्हात घाम जास्त जातो, म्हणून मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएसची पुडी सोबत ठेवावी. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या-चटणी वाटेत खाऊन घ्यावी आणि परतीसाठी गाडीत ठेवावी.

प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची खूण आणि सूचनेचा फलक असतो. रांगेत तासभर उभे राहून वर गेल्यावर "पोराची उंची कमी आहे" असे ऐकण्यापेक्षा ते आधीच पाहावे. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी जोराच्या राईड टाळाव्यात. पदर, ओढणी, उपरणे, मोकळे केस नीट खोचून, बांधून घ्यावेत. चाकात, साखळीत कापड अडकले तर काय होते हे मळणी यंत्रावर काम केलेल्याला सांगायला नको.

म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक रांगेत ओढू नये. सावलीतली एक जागा ठरवून त्यांना तिथे बसवावे. आई-बापांनी आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबावे.

माणूस चुकले तर?

आत शिरताच सगळ्यांना दिसेल अशी एक भेटीची जागा ठरवावी आणि "चुकलास तर इथेच येऊन थांब" असे पोराला दोनदा सांगावे. लहान पोराच्या खिशात घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मोबाईलवर सगळा भार टाकू नये. गर्दीत तो लागत नाही आणि दुपारनंतर बॅटरी संपते. सकाळी निघताना प्रत्येक पोराचा एक फोटो काढावा, म्हणजे अंगावरचे कपडे सांगता येतात.

मोठा जथा असेल तर दहा-दहाचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक जबाबदार माणूस द्यावा. वारीत दिंड्यांना क्रमांक असतात, प्रत्येकीची जागा ठरलेली असते, म्हणून लाखो माणसे चालतात. संध्याकाळच्या समाज आरतीला चोपदाराने चोप उंचावला की सगळे शांत होतात आणि हरवल्या-सापडल्याची माहिती तिथे सांगितली जाते. आळंदी-देहूच्या मधोमध राहणाऱ्या आपल्याला ही शिस्त बाहेरून आणावी लागत नाही. बसमध्ये चढताना माणसे मोजावीत, उतरताना मोजावीत. मूल सापडत नसेल तर पहिल्याच मिनिटाला सुरक्षारक्षकाला सांगावे. गरज पडल्यास ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे.

गर्दी केव्हा धोक्याची?

बागेत कठडे, कर्मचारी आणि मोजून सोडणे असते. खरा धोका असतो जिथे मोजणारा कोणी नसतो तिथे. १५ जून २०२५ ची गोष्ट आपल्या जवळचीच आहे. मावळातल्या इंदोरीजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला आणि ४ माणसे गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. आणि २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० भाविकांचा बळी गेला. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दुकाने आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. त्यात दुकानांना आग लागली.

अशा वेळी माणूस तुडवला जाण्याआधी श्वास कोंडून जातो. म्हणून खुणा ओळखाव्यात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे झाली की चालणे अडखळते. सहाच्या पुढे गेली की माणूस आपल्या मनाने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. हात वर करून नाक खाजवता येत नसेल तर समजावे की आता बाहेर पडले पाहिजे. उलट रेटा देऊ नये. दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासाला जागा ठेवावी. लाट थांबली की तिरपे-तिरपे कडेला सरकावे. पोराला उचलून घ्यावे. पडलेली चप्पल किंवा पिशवी उचलायला वाकू नये. पूल, जिना आणि चिंचोळे दार यांवर फोटोसाठी थांबू नये.

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक मंडळींना

शाळेची सहल काढायची असेल तर एसटी महामंडळ भाड्यात सवलत देते, ती मागावी. तारीख ठरवताना बुधवार किंवा गुरुवार धरावा. बसमागे जबाबदार माणसे, मुलींच्या सहलीबरोबर शिक्षिका, प्रथमोपचार पेटी आणि पालकांची लेखी संमती या गोष्टी कागदावर घ्याव्यात.

याहून महत्त्वाचे म्हणजे बागेत जाल तेव्हा तिथली रांग डोळसपणे पाहावी आणि त्यातले चांगले ते गावच्या जत्रेत आणावे. आत जायची वाट वेगळी, बाहेर यायची वेगळी. वाटेत दुकान नाही. कठड्याने वळणे दिलेली रांग, वर सावली, मध्ये पाणी. "इथून दर्शनाला ३० मिनिटे" असा साधा फलक लावला तरी निम्मी ढकलाढकल थांबते. नारळ फोडायची जागा पायऱ्यांपासून दूर ठेवावी. ध्वनिक्षेपकावर एक माणूस सतत बसवावा. जत्रेतल्या पाळण्याची आणि त्याच्या वीजजोडणीची तपासणी झाल्याशिवाय तो फिरू देऊ नये. रुग्णवाहिका येण्याची वाट वाहनांनी अडू देऊ नये. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेत एक तास बसून आराखडा केला तरी पुरे.

डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनालाही हाच नियम लावावा. सकाळी लवकर जावे, शेवटच्या दालनापासून सुरुवात करावी, अवजारांचे प्रात्यक्षिक आधी पाहावे आणि पत्रके नंतर गोळा करावीत.

तर बंधू-भगिनींनो, या सुट्टीत निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. एका कागदावर दिवस, निघायची वेळ, पहिल्या तीन राईड, जेवणाची वेळ, भेटीची जागा आणि धारेला कोण जाणार हे सहा मुद्दे लिहावेत. तो कागद घरातल्या शाळकरी पोराच्या हातात द्यावा. तुमच्यापेक्षा तोच तो जास्त काटेकोरपणे पाळेल.